‘आउटहाऊससह बंगला विकणे आहे’ : माझ्याच जाहिरातीने घातलेला घोळ



या आठवड्याच्या व्हिडिओत तुंगार्लीच्या बंगल्याचा विषय काढला होता, पण तिथे सगळं बसलं नाही. शिवाय एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची राहिली. राहिली कसली, टाळली. त्या व्यवहारात सगळ्यात मोठी चूक मामांची नव्हती, एजंटची नव्हती, माझी होती. ती इथे लिहितो.

बंगला माझ्या मामांचा. लोणावळ्यात, तुंगार्लीला. १९९४ चं बांधकाम. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, कागद जपणारा माणूस. नगरपरिषदेची परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात. पण २००९ मध्ये बंगल्याच्या मागच्या बाजूला, कुंपणापासून जेमतेम दोन फुटांवर, बारा बाय चौदाची एक खोली उठली. विटांच्या भिंती, वर पत्रा, कोपऱ्यात संडास-बाथरूम. पत्रे आमच्याच कामशेतच्या दुकानातले. तेव्हा गल्ल्यावर वडील बसायचे, मी बीबीएला होतो आणि टेम्पोत बसून ते पत्रे मीच पोचवले होते. परवानगीचं कुणी विचारलं नाही. पत्रे विकणारा कशाला विचारेल?

खोली आधी माळ्यासाठी होती. माळी गावी गेला, मग मामींनी तिथे दोन पलंग टाकले आणि शनिवार-रविवारचे पाहुणे घ्यायला लागल्या. सकाळी पोहे, रात्री पिठलं-भाकरी. पावसाळ्यात तर खोली रिकामी राहायचीच नाही. त्या पैशाला मामांनी कधी हात लावला नाही. घरात तिचं नावच ‘मामींची खोली’.

२०२५ च्या सुरुवातीला मामींच्या गुडघ्यांनी जिना नको म्हटलं. बंगला विकायचा आणि तळेगावला तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा असं ठरलं. भाचा ट्रेनर, म्हणून जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: ‘तीन बेडरूमचा बंगला, स्वतंत्र आउटहाऊस, चालू उत्पन्नासह.’ एवढ्यावर थांबलो नाही. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ चौरस फूट, सहा हजारांनी गुणले, दहा लाख आठ हजार. सरळ दहा लाख किमतीत मिळवले आणि एक कोटी साठ लाख मागितले.

ठाण्याचं एक कुटुंब आलं. त्यांना बंगला आवडला, खोली तर फारच आवडली. एक कोटी छप्पन्नला सौदा ठरला, पाच लाखांची विसारपावती झाली. मामांनी तेच पाच लाख तळेगावच्या फ्लॅटमालकाला विसार म्हणून दिले. त्याने साठ दिवसांची मुदत दिली.

मार्चमध्ये ठाण्याच्या पार्टीच्या बँकेचा व्हॅल्युअर आला. तरुण मुलगा होता. हातात लेझरचं मापयंत्र आणि मोबाइल. खोल्या मोजल्या, मागे गेला, परत आला, मंजूर नकाशा मागितला. पाच मिनिटं नुसता नकाशा उलटसुलट करत होता.

“काका, ही मागची खोली नकाशात दिसत नाही.”

“टॅक्स भरतो की आम्ही तिचा,” मामा म्हणाले. पावत्यांची पिशवी आणायला उठलेसुद्धा.

“टॅक्स भरता ते बरोबर आहे, काका. पण नकाशात इथे मोकळी जागा आहे.”

मामी तेवढ्यात चहा घेऊन आल्या. त्याने चहा घेतला, खोलीचे चार फोटो काढले आणि गेला. आठवड्याने बँकेचं उत्तर आलं: मूल्यांकन मंजूर क्षेत्रफळाचंच होईल, आणि नकाशाबाहेरचं बांधकाम काढल्याशिवाय कर्ज पुढे सरकणार नाही. ठाण्याच्या साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, “तुम्ही आउटहाऊस म्हणून विकत होतात ना आम्हाला? विसार परत करा.”

पाच लाख तर तळेगावला गेलेले. ते मी दिले, दुकानातून. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्या धंद्यात ताडपत्री आणि पत्र्यांचा माल भरायचा काळ. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांच्या खरेदीवर ठरते. ते भांडवल उचलून मी ठाण्याला पाठवलं आणि माल उधारीवर महाग उचलला. एरवी मी तुम्हाला शिकवतो ना, घरचा खर्च आणि गल्ला वेगळे ठेवा म्हणून? असो.

टॅक्सची पावती म्हणजे परवानगी नाही

मामांसारखंच अनेकांना वाटतं की नगरपरिषदेने घरपट्टी लावली म्हणजे बांधकाम मान्य केलं. गावात हाच समज ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ बद्दल असतो. उतारा निघतो, नाव आहे, क्षेत्रफळ आहे, झालं. पण तो कर आकारणीचा कागद आहे. कर लावणारा विभाग ‘बांधकाम आहे का’ एवढं बघतो. ‘असायला हवं होतं का’ हे नगररचना विभाग बघतो. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं शास्तीकराची बिलं सोसली, २०२३ मध्ये सरकारने थकीत शास्ती माफ केली. पण शास्ती भरली काय किंवा माफ झाली काय, त्याने बांधकाम नियमित झालं असं होत नाही. महापालिका कायद्यातच तसं म्हटलं आहे.

दस्त नोंदणीचंही तेच. दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्क भरून खरेदीखत नोंदवलं जातं. त्याने व्यवहाराची नोंद होते. मागच्या खोलीला कुणी परवानगी देत नाही.

आणि ‘सोळा वर्षं झाली, आता कोण विचारतंय’ हेही विसरा. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिला. निवासी भूखंडावर बेकायदा दुकानं बांधली होती, तीही तीसेक वर्षांपूर्वीची. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की नुसता काळ उलटला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच निकालात बँकांनाही सूचना आहे: इमारत तारण घेऊन कर्ज देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच द्या. तेव्हा तो व्हॅल्युअर आम्हाला छळायला आला नव्हता, त्याचं काम करत होता.

एजंट म्हणाला, रोखीचं गिऱ्हाईक आणतो

एजंटकडे उपाय तयार होता. “कर्ज नाही तर व्हॅल्युअर नाही. पूर्ण स्वतःच्या पैशाने घेणारा आणतो, खोलीचं काही बोलायचंच नाही.” मामा गप्प होते. खरं सांगतो, पाच लाख अडकलेले असताना दोन दिवस मलाही ते पटलं होतं.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ काढून समोर ठेवलं. मिळकतीत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तर तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. आणि न सांगण्याला तेच कलम कपट म्हणतं. मी म्हटलं, “पण नकाशा मागितला असता तर त्यांना दिसलंच असतं की.” वकील हसले. म्हणाले, “हा वाद मी कोर्टात घालीन. पण ‘चालू उत्पन्नासह आउटहाऊस’ ही तुमची जाहिरात समोरचा वकील वाचून दाखवील, तेव्हा मला खाली बसावं लागेल.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती नव्या मालकाच्या बाजूची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ५३ खाली विनापरवाना बांधकाम काढायची नोटीस मालकाला येते. विकल्यानंतर मालक कोण? घेणारा. म्हणजे खोली मामींची, पाहुण्यांचे पैसे मामींचे आणि नोटीस त्या बिचाऱ्याला. मग तो कुणाकडे येणार? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडापाडीआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी असं ठरवून दिलं, त्याचा अर्थ काही जण ‘आता पाडत नाहीत’ असा घेतात. पंधरा दिवस मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

घेतली नाही, की मिळूच शकत नाही?

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता, जाहिरातीच्या आधी. परवानगी घेतली नाही आणि परवानगी मिळूच शकत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं कार्ल्याजवळच्या गावात घर आहे. बाजूला त्यांनी मालासाठी गोडाऊनवजा खोली बांधली होती, कागदाशिवाय. पण त्यांची जागा मोठी. चारी बाजूंनी सोडायचं सामासिक अंतर शाबूत होतं, चटई क्षेत्रही शिल्लक होतं. म्हणजे आधी अर्ज केला असता तर परवानगी मिळालीच असती. त्यांनी आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा करून पीएमआरडीएकडे अर्ज केला, जे शुल्क आणि दंड निघाला तो भरला. काही महिने गेले, चपला झिजल्या, पण खोली कागदावर आली. आज त्या घर विकायला काढतील तर त्या खोलीची किंमत मागू शकतात.

मामांच्या खोलीचं तसं नव्हतं. आर्किटेक्टने फीत लावली. मंजूर नकाशात मागे तीन मीटर मोकळी जागा दाखवलेली, आणि खोली त्या मोकळ्या जागेतच उभी. “चटई क्षेत्र शिल्लक असेल-नसेल, तो प्रश्नच येत नाही,” तो म्हणाला. “ही जागा सोडायची म्हणूनच तुमचा बंगला मंजूर झालाय.” विषय संपला.

इथे आपल्या भागाची एक गंमत लक्षात ठेवा. मावळातल्या गावांना पीएमआरडीए, आणि लोणावळा-खंडाळ्याला लोणावळा नगरपरिषद. तळेगाव आणि वडगावलाही आपापल्या नगर संस्था आहेत. २ डिसेंबर २०२० ला राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, ती युडीसीपीआर म्हणतात ती. पण ती लागू करताना जी ठिकाणं वगळली, त्यात लोणावळा नगरपरिषद नावानिशी होती. त्यामुळे कार्ल्याच्या ताईंचं काम झालं म्हणून तुंगार्लीत होईल, किंवा पुण्याच्या मेव्हण्याने सांगितलेला नियम खंडाळ्यात चालेल, असं धरून चालू नका. आधी आपली मिळकत कुणाच्या हद्दीत आहे ते बघा, मग त्या हद्दीत काम करणारा आर्किटेक्ट गाठा.

‘सरकार नियमित करतं हो, थांबा जरा’ असं सांगणारेही भेटले. २०१७ मध्ये कायद्यात कलम ५२अ आलं, ते ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी, अटींसह. गुंठेवारीच्या कायद्याची तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली, पण तो परवानगीविना पाडलेल्या छोट्या भूखंडांचा विषय. सरसकट माफी कशातच नाही. तुमचं बांधकाम बसतं का हे अर्ज करून कळतं, चहाच्या टपरीवर कळत नाही.

सतरा मे

एवढं सगळं ऐकूनही मामांचा निर्णय होत नव्हता. खोली पाडायची म्हणजे मामींना सांगायचं. एप्रिल तसाच गेला. तळेगावची मुदत उलटली, त्या मालकाने फ्लॅट दुसऱ्याला दिला आणि पन्नास हजार कापून बाकी परत केले.

१७ मे २०२५ ला शनिवार होता. त्या दिवशी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. ती इंद्रायणी आपल्या लोणावळ्याच्या डोंगरातूनच निघते. तिथल्या लोकांनी पैसे मोजून जागा घेतल्या होत्या, आयुष्याची कमाई घातली होती. बारा बाय चौदाच्या खोलीची आणि त्यांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं. पण संध्याकाळी टीव्हीवर पोकलेन बघताना मामा एवढंच म्हणाले, “यांनाही कुणीतरी विकलंच असेल ना.” मामी शेजारीच बसल्या होत्या. सोमवारी त्यांनीच मला फोन केला. “माणसं बघ. पाऊस लागायच्या आत उरकू.”

पावसाच्या आत काही झालं नाही. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. ताडपत्री बांधून चार दिवस काम चाललं. पत्रे आधी उतरवले, मग भिंती, मग संडासाची टाकी बुजवली, जागा सपाट करून माती टाकली. नव्वद हजार लागले. मामींनी दोन्ही पलंग आधीच कुणाला तरी देऊन टाकले होते. काम चालू असताना त्या मागच्या बाजूला आल्या नाहीत.

जूनमध्ये मी पहिला फोन ठाण्याच्या त्याच साहेबांना केला. नवं गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा आधीच्याला खरं सांगणं सोपं जाईल असं वाटलं. मोकळ्या जागेचे फोटो पाठवले आणि सरळ लिहिलं: खोली परवानगीची नव्हती, आम्ही ती उत्पन्न म्हणून विकत होतो, ते चुकलं, आता काढली आहे. ते दोन दिवसांनी बोलले. एक कोटी चव्वेचाळीस म्हणाले. मामांनी एकदा पंचेचाळीस म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

या वेळी विसारपावतीआधीच सगळे कागद त्यांच्या हातात दिले: मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत पत्रिका, कराच्या पावत्या. तुमच्याकडे नकाशा हरवला असेल तर नगररचना विभागातून प्रमाणित प्रत मागा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये शुल्क आहे. वकिलांनी साठेखतात स्वच्छ लिहिलं: मंजूर क्षेत्रफळ इतकं, मागच्या बाजूला पूर्वी नकाशाबाहेरची खोली होती, ती विक्रेत्याने स्वखर्चाने काढली आहे, किंमत फक्त मंजूर बांधकामाची आहे. ‘आहे त्या स्थितीत’ हे तीन शब्द लिहून मोकळं व्हायचा सल्ला एकाने दिला होता. आमचे वकील म्हणाले, जे माहीत आहे ते त्या तीन शब्दांमागे लपत नाही. तुम्ही खोली न पाडता विकत असाल, समोरच्याला ती तशीच चालत असेल, तरीही हेच: काय बेकायदा आहे, किती आहे, नोटीस आलेली आहे की नाही, पुढचा खर्च कुणाचा, हे कागदावर आणा आणि त्या खोलीची किंमत शून्य धरा. मी तर म्हणेन, पाडायचा खर्च आधीच वजा करून बोला.

व्हॅल्युअर परत आला. तोच मुलगा. मागे गेला, एक फोटो काढला, दोन मिनिटांत परत. ऑगस्टमध्ये खरेदीखत झालं.

आता हिशेब. छप्पन्नचे चव्वेचाळीस झाले म्हणून नातेवाईक हळहळतात, बारा लाख गेले म्हणतात. मी तसं मांडत नाही. त्यातले दहा लाख आमचे कधीच नव्हते. ते मी जाहिरातीत छापलेले होते. पाडायचे नव्वद हजार कधीतरी जाणारच होते. खरं नुकसान म्हणजे उरलेले दोन लाख, तळेगावचे पन्नास हजार आणि माझ्या दुकानात उधारीच्या मालावर गेलेला जास्तीचा पैसा. हा सगळा माझ्या एका ओळीच्या जाहिरातीचा खर्च. जानेवारीत आर्किटेक्टला बोलावून एक दिवस नकाशा आणि जागा ताडून पाहिली असती तर त्याच्या फीमध्ये भागलं असतं.

आणि तळेगावचा तो तळमजल्याचा फ्लॅट. तो गेला तो गेला. मामा-मामी आता तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे. लाईट गेली की मामी खाली अडकतात, नाहीतर वर. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात शेजारच्या दोन नोकरदार मुलांचे डबे भरून ठेवले होते. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, “झाले दोन महिने. खोली नाही लागत त्याला.”

जुने पत्रे आमच्या गोडाऊनमागे रचून ठेवलेत. परवा एक गिऱ्हाईक विचारायला आलं, बाजूच्या मोकळ्या जागेत शेड मारायची आहे म्हणून. मी आधी विचारलं, “नकाशा आणलाय का?” तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि पलीकडच्या दुकानात गेला.